ताईंचं लखनौ

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की इंटरनेटवर आत्याआजीचा जन्म लखनौचा लिहिलाय, मग ती आबांची बहीण कशी? तुमच्या बाबाने घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला. मीही गप्प बसले, कारण ताई माझ्या शेजारीच होत्या आणि ‘लखनौ’ हा शब्द कानावर पडताच त्यांनी पाठ ताठ केली होती. आता त्या बोलायला लागतील या धास्तीने मी कॉल लवकर बंद केला. तुम्हाला ते तुटक वाटलं असेल. म्हणून लिहिते आहे. तुम्ही मराठी हळूहळू वाचता, तेव्हा सोपं लिहीन आणि क्रमाने लिहीन.

ताई म्हणजे तुमच्या आबांची थोरली बहीण. सख्खी. दोघं मनमाडच्या रेल्वे चाळीत एका खोलीत वाढली. वडील रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. आई इंजिनाच्या शेडमागे पडलेला कोळसा वेचायची, ताई तिच्याबरोबर जायच्या. अंगाने उंच, डोळे मोठे, आणि एकदा पाहिलेला नाच हातवाऱ्यांसकट करून दाखवायच्या. त्यांचे मामा मुंबईत एका स्टुडिओत सुतार होते. एकदा तिथे घोळक्यात नाचणाऱ्या मुली कमी पडल्या, तेव्हा ते भाचीला घेऊन गेले. पहिल्या सिनेमात ताई मागच्या रांगेत नाचल्या, दुसऱ्यात पुढच्या. तिसऱ्याच्या वेळी निर्मात्याने नाव आणि गाव विचारलं.

नाव त्याला आवडलं नाही. गाव तर मुळीच नाही. गँगमनची मुलगी, त्यातून आपल्या समाजाची. तिला पडद्यावर सरदाराची लेक म्हणून कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या माणसाने मग एक नवं नाव दिलं आणि नव्या नावाला शोभेल असं बालपण दिलं. लखनौच्या चौकाजवळची हवेली. अंगणात डाळिंबाची दोन झाडं. शायरीचे शौकीन वडील, पिंजऱ्यातली मैना, पडद्याच्या गाडीतून शाळेत जाणं. उर्दू शिकवायला एक उस्ताद ठेवला होता, तो उच्चारांबरोबर हेही पाठ करून घ्यायचा. मधेच उलटसुलट प्रश्न विचारायचा. मैना कोणी आणली? हवेली कशी गेली? ताई अडखळल्या की पुन्हा पहिल्यापासून.

पुढची पंधरावीस वर्षं त्या हेच बालपण मासिकांना आणि रेडिओला सांगत राहिल्या. तुम्ही त्यांचे जे सिनेमे बघितलेत, जिन्यावर दिवा घेऊन उभी असलेली ती मुलगी, ती सगळी याच काळातली कामं. पुढे त्या नायिकेची भाभी झाल्या, मग नायकाची आई. मग कामं थांबली. लग्न त्यांनी केलं नाही. ‘सासरच्यांना कोणतं माहेर दाखवू?’ असं एकदा मला हसत म्हणाल्या होत्या.

नाशिकला त्या आल्या तेव्हा तुमचा बाबा शाळेत होता. आमच्या खालचा फ्लॅट त्यांनी घेतला. सोसायटीत त्यांची ओळख आबांची मानलेली बहीण म्हणून करून दिली, कारण लखनौची बाई नाशिकरोडच्या एका कारकुनाची सख्खी बहीण असू शकत नव्हती. आबांना ते लागायचं. जिन्यात कोणी विचारलं की ते ‘मानलेली’ म्हणायचे आणि घरात येऊन बराच वेळ पेपरात डोकं घालून बसायचे. मी आबांची बायको म्हणून या घरात आले तेव्हा सासूबाई, म्हणजे आबांची आणि ताईंची आई, होत्या, त्यांच्याकडून मनमाडचं सगळं ऐकलं होतं. सासूबाई गेल्या. चार वर्षांपूर्वी आबा गेले. त्या चाळीत राहिलेलं ताईंशिवाय कोणी उरलं नाही.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी आणि पाहुणे गेल्यावर ताई माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ गेला मानलेला भाऊ म्हणून. मला आता खरं सांगून टाकायचंय.”

मी म्हटलं, लिहून काढू या. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे मला लगेच तेच सुचतं. त्यांनी मान हलवली. “खोटं कॅमेऱ्यासमोर बोलले, मास्तरीणबाई. खरंही तिथंच बोलेन.”

पण कॅमेरा घेऊन येणार कोण? ताईंना लोक विसरले होते. दोनतीन वर्षं तशीच गेली. गेल्या हिवाळ्यात मुंबईहून एका मुलीचा फोन आला. जुन्या कलावंतांच्या मुलाखती करून त्या सभागृहात आणि इंटरनेटवर दाखवणारी तिची संस्था होती. ताईंनी होकार दिला, दीडएक महिन्यानंतरची तारीख ठरली. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं, की ताई या वेळी पूर्वी कधी न सांगितलेलं काहीतरी सांगणार आहेत. ती खूश झाली. मीही झाले.

त्याच सुमारास ताई गॅस विसरायला लागल्या. आधी मी वयावर ढकललं. मग एकदा त्या आमच्या दारात उभ्या राहून आबांना हाक मारू लागल्या, तेव्हा मात्र मी डॉक्टरांची वेळ घेतली. तरी मन मानत नव्हतं, कारण जुन्या आठवणी त्या न थांबता, खडानखडा सांगायच्या. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा माझी समजूत हीच, की फार तर औषध देतील.

डॉक्टर तरुण आणि चांगले आहेत. त्यांनी वार विचारला, तो चुकला. महिना चुकला. मग विचारलं, “आजी, जन्म कुठला तुमचा?”

ताईंनी पदर सारखा केला. “लखनौ. चौक के पास हवेली थी हमारी. आँगन में अनार के दो पेड थे.”

“वा! माझ्या आईला तुमचे सगळे सिनेमे पाठ आहेत,” म्हणत डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली. “जुनी स्मृती उत्तम आहे.”

मी म्हणाले, “डॉक्टर, हे उत्तर चूक आहे. त्या मनमाडच्या आहेत.”

त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “आजी, तुम्हालाही मधूनमधून विसरायला होतं का?”

ताई खळखळून हसल्या. “मास्तरीणबाई, आता तुमचा नंबर.”

मला हसू आलं नाही. इतके दिवस मी ज्या आठवणींवर विसंबून होते त्या सगळ्या लखनौच्या होत्या, हे मला त्या खुर्चीवर बसल्याबसल्या कळलं. मैना, डाळिंबं, पडद्याची गाडी. मनमाडचं मी शेवटचं कधी ऐकलं होतं?

रिक्षात मी त्यांना सांगितलं, की तुम्ही डॉक्टरांना लखनौ सांगितलंत. त्यांचा चेहरा उतरला. बिटको चौकात त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “ते पाठ केलेलं आहे गं. पाठ केलेलं जात नाही. जगलेलं कोण पाठ करून ठेवतं?”

तिथून पुढे माझा जीव टांगणीला लागला. मुलाखतीला अजून महिना होता आणि रोज थोडं थोडं पुसलं जात होतं. मुलाखत अलीकडे आणता येईल का, म्हणून फोन केला. कॅमेरामन दुसऱ्या कामात होता. मग मी ताईंची तालीम घ्यायला लागले. सकाळचा चहा झाला की मी विचारायची, तुमचे वडील काय करायचे? काही दिवशी त्या बरोबर सांगायच्या, वडिलांच्या हातोड्याचा आवाजही काढून दाखवायच्या. काही दिवशी ‘शायरी’ म्हणायच्या. मी खरं उत्तर संवादासारखं पाठ करून घ्यायचाही प्रयत्न केला. पण नवा संवाद राहत नव्हता. दुपारपर्यंत तो जायचा आणि त्या जागी उस्तादाने बसवलेला परत येऊन बसायचा. मला त्या केव्हाच वारलेल्या उस्तादाचा राग यायला लागला. किती नीट काम करून ठेवलं होतं त्याने.

एके दिवशी गाडी करून त्यांना मनमाडला नेलं. चाळ राहिलेली नाही. तिथे आता दुसऱ्या इमारती आहेत. मागचा रूळ तोच, शेडच्या बाजूची जुनी चिंच तीच असावी. ताई उतरल्या, चष्मा काढला, उन्हाकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर ऊन पडेल अशा बेताने दोन पावलं बाजूला सरकल्या.

“लोकेशन चांगलं आहे,” म्हणाल्या. “युनिट कुठंय?”

परतीच्या वाटेवर त्या झोपल्या. मी चांदवडपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मुलाखत रद्द करावी असं मला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा. कॅमेऱ्यासमोर जाऊन त्या पुन्हा हवेलीच सांगणार असतील, तर ते अखेरचं आणि कायमचं होणार होतं. पण रद्द करायचा हक्क माझा नव्हता. खरं सांगायची इच्छा त्यांची होती, आणि चांगल्या दिवशी त्या अजूनही विचारायच्या, “कॅमेरावाले कधी येणार?”

ते आले. ती मुलगी, एक पिकल्या केसांचा कॅमेरामन आणि मेकअपसाठी एक बाई. ताईंच्या फ्लॅटमध्ये दिवे लागले. मेकअप होताना ताई आरशात स्वतःकडे बघत होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांची मान वर गेली, खांदे मागे गेले, बोटांची ठेवण बदलली. मला वाटलेली भीती खोटी नव्हती. खुर्चीत बसल्या त्या लखनौच्या बाईच होत्या.

मुलीने विचारलं, लहानपणाबद्दल सांगा. हवेली आली. मैना आली. उर्दू असं काही सुंदर, की कॅमेरामनने मान डोलावली. मी त्याच्या मागे स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मुलीने माझ्याकडे पाहिलं, दिवे लागण्याआधी मी तिला सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे तिने विचारलं, “आणि मनमाड? मनमाडबद्दल काही आठवतं?”

“मनमाड?” ताई हसल्या. तेच प्रसिद्ध हसू. “हाँ, गाडी रुकती थी वहाँ. चाय अच्छी मिलती थी.”

आणखी काय विचारणार? मुलीने सिनेमांविषयी विचारलं, ताईंनी तासभर उत्तम सांगितलं. काम संपलं. दिवे बंद झाले. मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, की छान झालं, आजी, त्या नव्या गोष्टीचं राहू द्या. मी हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि पाहुण्यांना जेवायला वाढायचं होतं.

ताई आरशासमोर जाऊन बसल्या. मेकअप त्या दुसऱ्या कोणाला उतरवू देत नाहीत. वाटीत खोबरेल घेतलं, कापसाचा बोळा बुडवला आणि कपाळापासून सुरुवात केली. पदराला लावलेला माइक काढायचा राहिला होता. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. अर्धा चेहरा साफ झाला. तेलकट, सुरकुतलेला, सासूबाईंसारखा. हात थांबला. त्या आरशातल्या त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

“आई लय वरडायची तोंडाला पावडर लावली की,” त्या म्हणाल्या.

मी टॉवेल खाली ठेवला. 

“कोळशाचं तोंड घेऊन आलीस तर चालंल, म्हनायची, पन हे नको. कोळसा धुतला की जातो.”

मी मागे वळून कॅमेरामनला खूण केली. त्याने पाहिलं होतं, ऐकलंही होतं. पण त्याने कॅमेरा उचलला नाही. उलट भिंतीकडे वळवला. “नाही मॅडम,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “बाई मेकअप उतरवत असताना आम्ही शूट करत नाही. आमच्यात चालत नाही ते.”

ते मला ठाऊक होतं. ताईंचाही हाच नियम होता. आबांच्या साठाव्या वाढदिवसाच्या फोटोत त्या नाहीत, कारण त्या दिवशी त्यांना ताप होता आणि चेहरा नीट करायची ताकद नव्हती. आता त्यांच्या दोन इच्छा एकमेकींच्या आड आल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर खरं सांगायचं होतं आणि अशा चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं. आरसा सोडायला लावला असता तर जे आलं होतं ते गेलं असतं. खूण मी घाईत केली होती, पण त्यांच्या परवानगीशिवाय मी काही होऊ देणार नव्हते. विचारलं तर धागा तुटेल, ही धाकधूक होतीच. तरी विचारलं.

“ताई, हे कॅमेऱ्यात घेऊ द्यायचं?”

त्यांनी गालाला हात लावला. बोटाला तेल आणि रंग लागला. “असं? नको गं.”

“मग आवाज? आवाज घेतील नुसता.”

त्यांनी पदरावरच्या माइककडे पाहिलं. तो काय आहे हे त्यांना बरोबर कळलं. “आवाज घेऊ दे,” म्हणाल्या आणि पुन्हा आरशाकडे वळल्या.

कॅमेरामनने कानाला यंत्र लावलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मग ताई बोलल्या. मधे थांबत, कापूस फिरवत, मनमाडच्या बोलीत. वडिलांचं नाव सांगितलं, आपलं खरं नाव सांगितलं. “आमी महार. मंग बौद्ध झालो. मी तवा मुंबईत हवेलीतली झालेली.” लखनौला आयुष्यात एकदाच गेले, म्हणाल्या, सिनेमाच्या पहिल्या खेळाला, आणि थिएटरखेरीज कुठेही गाडीतून उतरले नाही, कारण कोणी विचारलं असतं की तुमची हवेली कुठल्या गल्लीत, तर काय दाखवलं असतं?

आणि मग ते सांगितलं जे मला सासूबाईंनीही कधी सांगितलं नव्हतं. मनमाडला तंबूत ताईंचा सिनेमा लागला होता. आई पहिल्या रांगेत खाली बसून बघत होती. चाळीत सांगितलं होतं, की पोरगी मुंबईत मामाकडे आहे आणि मिलमध्ये जाते. शेजारच्या बाईने पडद्याकडे बोट करून विचारलं, ही कोन गं एवढी देखणी?

“आई म्हनली, काय की बाई. आसंल कोनी नवाबाची.” ताईंनी कापूस वाटीत टाकला. “मला तिनंच सांगितलं हे, लय वर्सांनी. हसून सांगत व्हती. मी म्हनलं, आई, तू तरी माझं नाव घ्यायचं व्हतंस. तर म्हनली, तुझीच गोष्ट पुढं चालवली की मी.”

चेहरा सगळा साफ झाला होता. त्यांनी टॉवेल मागितला, तोंड पुसलं, आणि पाहुण्यांना अजून चहा का दिला नाही म्हणून मला रागावल्या.

जे सांगायचं होतं ते सांगून झालं, एवढं मला त्या दिवशी पुरलं. पण काळजी संपली नाही. चार दिवसांनी मुंबईच्या त्या मुलीचा फोन आला. आवाज स्वच्छ आहे, म्हणाली, पण त्यावर चित्र काय दाखवायचं? मनमाडचा, लहानपणीचा एखादा फोटो पाठवाल का? तसा फोटोच नाही. त्या चाळीत फोटो काढायला कोण आलं होतं? तिने सुचवलं, की ताईंच्या एका सिनेमात त्या डोक्यावर घागर घेतलेल्या गरीब मुलीच्या भूमिकेत आहेत, ते दृश्य लावू, हुबेहूब वाटेल. मी नको म्हटलं. काहीही लावू नका, पडदा काळा ठेवा, म्हटलं. ती घुटमळली. इतका वेळ काळा पडदा ठेवला तर लोक उठून जातात, म्हणाली. वरिष्ठांना विचारते. अजून तिचं उत्तर आलेलं नाही. मी रोज वाट बघते.

ताईंना दुसऱ्याच दिवशी काही आठवत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, की तुम्ही सगळं सांगितलंत. मनमाडचं, आईचं, नावगाव, जात, सगळं.

त्या घाबरल्या. माझा हात धरला. “सगळ्यांसमोर?”

“हो.”

“मग? कोणी उठून गेलं?”

“नाही ताई. सगळे बसून होते.”

त्यांना बरं वाटलं, पण ते टिकत नाही. त्या पुन्हा विचारतात, आज सकाळीही विचारलं, आणि मी तेच सांगते. अजून तरी मी खोटं बोललेले नाही, कारण त्या खोलीतून खरोखर कोणी उठलं नव्हतं. पुढचं माझ्या हातात नाही. ती मुलाखत दाखवतील तेव्हा तिकडे कितीही वाजलेले असोत, तुम्ही दोघं बसा. पडदा काळा झाला तरी उठू नका.